नोकरी सोडण्याआधी २१ किलोमीटर: एका महिन्याच्या सोबतीसाठी

पायवाट (धागाकर्ती)

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबणार आहे, सांभाळून घ्या.

बेघर लोकांसोबत काम करणाऱ्या एका संस्थेत मी सात वर्षं आहे. माझ्याकडे रात्रफेरी असते. रात्री दहानंतर आम्ही दोघं पायी निघतो आणि जे उघड्यावर झोपतात त्यांच्याकडे जातो. पिशवीत मोजे, पांघरूण, मलमपट्टी असतं, पण खरं काम बोलण्याचं. पाय कसा आहे, कागदपत्रांचं कुठवर आलं, आज निवाऱ्यात यायचं का. बहुतेक रात्री उत्तर 'नको' असंच येतं. त्या 'नको'चा राग न धरता दुसऱ्या रात्री पुन्हा जायचं.

दहा आठवड्यांनी मी ही नोकरी सोडतेय. आईचं आजारपण आहे आणि रात्रपाळी आता मला झेपत नाही. संस्थेशी भांडण नाही. निर्णय पक्का आहे, त्यामुळे त्यावर सल्ला नको.

सांगायचंय ते पुढचं. माझ्या यादीत ३१ माणसं आहेत. त्यांत एक आजोबा आहेत. माझ्याशी पहिला शब्द बोलायला त्यांना चौदा महिने लागले. चौदा महिने मी त्यांच्यापासून चार हातांवर उकिडवी बसून 'आजोबा, मोजे ठेवून जाते' म्हणायचे आणि उठायचे. एका रात्री ते म्हणाले, 'उजवा फाटलाय.' बस, एवढंच. [इथलं एक वाक्य धागाकर्तीच्या विनंतीवरून काढलं आहे. – संपादक]

खूप पुढे एकदा त्यांनी मला सांगितलं की माझ्या आधीच्या सहकाऱ्याशी ते रोज बोलत असत. 'तो एक दिवस यायचाच थांबला,' म्हणाले. तो शुक्रवारी नोकरी सोडून गेला होता आणि मी सोमवारी रुजू झाले होते. आमच्या दोघांच्या मधे फक्त एक फाइल होती. फाइलमध्ये नाव होतं, अंदाजे वय होतं, आजार होते. तो त्यांच्याशी काय बोलायचा, कुठल्या बाजूला बसायचा, कशाचा विषय काढायचा नाही, यातलं काहीच नव्हतं. त्या सहकाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला शेवटच्या आठवड्यात अहवाल पूर्ण करायला बसवलं होतं.

आता मी जाणार आणि नवा माणूस येणार. मला मधे फाइल नको आहे. एक महिना आम्ही दोघांनी एकत्र रात्रफेरी करावी असं मला वाटतं. संस्थेच्या अंदाजपत्रकात ही सोय नाही. जागा एक, पगार एक, त्यामुळे माझा संपल्याशिवाय त्याचा सुरू होत नाही. मी संचालकांना विचारलं की त्या एका महिन्याचे पैसे मी उभे केले तर चालेल का. ते हो म्हणाले.

म्हणून सहा आठवड्यांनी एका अर्ध मॅरेथॉनमध्ये मी धावणार आहे आणि त्या निमित्ताने लोकांकडे पैसे मागणार आहे. ध्येय आहे नव्या माणसाचा एका महिन्याचा पगार. आजवर ८ किलोमीटरच्या वर कधी धावलेली नाही.

तयारी कशी करू, विशेषतः रात्रपाळी सांभाळून? आवाहन कसं लिहू? आणि संस्थेच्याच कर्मचाऱ्याने असं मागणं बरोबर आहे का? या तिसऱ्या प्रश्नाने मला झोप लागत नाहीये.

दमसास

पायवाट ताई, आधी धावण्याचं सांगतो, कारण मला तेवढंच कळतं.

८ वरून २१ वर सहा आठवड्यांत जाता येतं, पण वेळेचं ध्येय ठेवू नका. फक्त पूर्ण करायचं. आठवड्यात तीनदाच धावा, त्यातली एक लांब धाव. ती पहिल्या आठवड्यात १०, मग १२, मग १४ अशी वाढवा. चौथ्या आठवड्यात मुद्दाम ११ वर उतरा, शरीर त्या आठवड्यात भरून येतं. पाचव्यात १६ किंवा १७. शेवटच्या आठवड्यात जवळजवळ काही करू नका. २१ किलोमीटर सरावात धावून पाहण्याची गरज नाही. १७ पूर्ण केलेला माणूस शर्यतीत २१ काढतो.

वेग असा ठेवा की धावता धावता अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं की वेग जास्त झाला.

आता रात्रपाळी. पाळी संपवून सकाळी तसंच धावायला जाऊ नका. मी हे दोन वर्षं केलं आणि नडगीच्या हाडाला बारीक तडा जाऊन तीन महिने बसलो. न झोपलेल्या अंगावर लांब धाव काढायची नाही. आधी झोप. लांब धाव सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. आणि तुमची रात्रफेरी हिशोबात धरा. रोज रात्री सहा-सात किलोमीटर चालत असाल तर पायांवर तो भार आहेच. सांगणारे म्हणतील आठवड्याला चार-पाच दिवस धाव. तुम्ही तीनच धावा.

पाण्याबद्दल एक. तहान लागेल तसं प्या. भीतीपोटी प्रत्येक टेबलावर दोन-दोन पेले रिचवू नका. अती पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते पाणी कमी पडण्याइतकंच, कधी त्याहून जास्त, धोक्याचं असतं. हळू धावणाऱ्यांना हा धोका अधिक, कारण ते रस्त्यावर जास्त वेळ असतात.

नवे बूट शर्यतीच्या दिवशी घालायचे नाहीत. आत्ताच घ्या आणि त्यातच सराव करा.

रिकामी_ओंजळ

धागा मनापासून लिहिलाय हे दिसतंय, म्हणून मीही मनात आहे ते स्पष्ट लिहितो.

मला हे पटत नाही. बेघर माणसाला घर हवं असतं. आपण त्याला मोजे देतो, पांघरूण देतो, बोलायला माणूस देतो आणि घर सोडून सगळं देत राहतो. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिस यांनी 'पाथवेज टू हाउसिंग' सुरू केलं तेव्हा त्यांनी हा क्रमच उलटा केला. व्यसन सोड, औषधं घे, नियम पाळ आणि मग घर, असा आधीचा जिना होता. त्यांनी आधी घराची किल्ली दिली. लोक त्या घरांत टिकले. फिनलंडने २००८ पासून हे देशाचं धोरण म्हणून राबवलं, जुनी निवारागृहं बंद करून त्यांच्या जागी भाड्याच्या सदनिका केल्या. १९८७ मध्ये तिथे १८,००० हून जास्त बेघर मोजले गेले होते, २०२२ मध्ये तो आकडा ४,००० च्या खाली होता.

तुम्ही लोकांची सदिच्छा आणि पैसा गोळा करून तो एका कर्मचाऱ्याच्या पगारात घालणार. तोच पैसा एखाद्याच्या घराच्या अनामत रकमेत घातला तर ३१ पैकी निदान एक माणूस तरी छपराखाली जाईल. आजोबांना बोलायला नवा माणूस देण्यापेक्षा दार द्या.

आणि धावायचं कशाला? ज्याला द्यायचंय तो तसाही देईल.

ध्रुवतारा

रिकामी_ओंजळ, घर आधी या तुमच्या मुद्द्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. या क्षेत्रात अकरा वर्षं काढल्यावर सहमत न होणं शक्यही नाही. पण तुम्ही त्या प्रारूपाचा अर्धाच भाग सांगितलात. त्सेंबेरिस यांच्या कार्यक्रमात किल्लीबरोबर एक चमू असायचा, जो घरी येत राहायचा. फिनलंडमध्येही सदनिकांबरोबर कर्मचारी आहेत. घर दिलं आणि माणूस काढून घेतला तर पहिल्याच थकलेल्या बिलाला किंवा शेजाऱ्याच्या पहिल्याच तक्रारीला ते घर जातं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि अनामत रक्कम भरली तरी त्या घरात जायला आजोबा कुणाबरोबर तयार होतील? ज्याच्याशी बोलतात त्याच्याबरोबरच ना? चौदा महिने मोजे ठेवून जाण्याचं काम घराच्या विरोधातलं नाही, ते घराच्या दाराशी नेणारं काम आहे.

पायवाट, तुला जे नुसतं मनातून वाटतंय त्याचा रीतसर अभ्यास झालेला आहे हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते. न्यूयॉर्कच्या फोर्ट वॉशिंग्टन इथल्या पुरुषांच्या मोठ्या निवाऱ्यातून हे काम उभं राहिलं. तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं निवाऱ्यातून घरात जातात आणि काही महिन्यांत परत येतात. निवाऱ्यातले ओळखीचे कर्मचारी एका दिवसात तुटतात आणि नव्या जागचे अजून ओळखीचे झालेले नसतात. मधल्या त्या खिंडीत माणूस पडतो. मग त्यांनी 'क्रिटिकल टाइम इंटरव्हेन्शन' नावाची पद्धत बसवली. नऊ महिने, तीन टप्पे. आधी ओळखीचा कार्यकर्ता नव्या जागी सोबत जातो, मग नव्या माणसांना पुढे करून स्वतः मागे राहून बघतो, शेवटी ठरलेल्या तारखेला बाजूला होतो. ती तारीख त्या माणसाला पहिल्यापासून माहीत असते.

१९९७ मध्ये त्याच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९६ पुरुष, अठरा महिने. नेहमीच्या सेवा मिळालेल्यांच्या सरासरी ९१ रात्री बेघर अवस्थेत गेल्या, या पद्धतीने सोबत मिळालेल्यांच्या ३०. म्हणजे माणशी साठ रात्रींचा फरक, आणि तो फरक नव्या इमारतीने पडलेला नाही. हात कसा सोडला, यानेच पडला.

तुझा एक महिना म्हणजे नऊ महिने नव्हेत. तुझ्या ३१ जणांचं स्थलांतरही होत नाहीये, बदलणार आहे ते त्यांच्याकडे येणारं माणूस. पण घाव त्याच जागचा आहे. जाण्याची तारीख मात्र प्रत्येकाला आत्ताच सांग. दहा आठवडे आधी. शेवटच्या आठवड्यात नको.

हिशेबनीस

मी सामाजिक संस्थांचे हिशेब तपासते. तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण त्यावर अजून कुणी बोललेलं नाही.

कर्मचाऱ्याने स्वतःच्या संस्थेसाठी निधी उभा करण्यात चूक काही नाही, जगभर होतं. पण एक गोष्ट आजच लेखी करून घ्या. ज्या महिन्यात तुम्ही दोघं एकत्र काम कराल त्या महिन्याचा तुमचा पगार संस्थेच्या नेहमीच्या पैशातून आणि नव्या व्यक्तीचा या निधीतून. हे उलट झालं, किंवा नुसतं अस्पष्ट राहिलं, तरी तुम्ही स्वतःच्या पगारासाठी देणग्या मागितल्या असा अर्थ निघू शकतो. निघू देऊ नका.

पैसे तुमच्या खात्यात एक क्षणही येऊ नयेत. थेट संस्थेच्या खात्यात, संस्थेची पावती. शर्यतीची प्रवेश फी आणि बूट तुमच्या खिशातून, आणि तसं आवाहनात लिहा. देणाऱ्याला हे वाचून बरं वाटतं.

सर्वांत महत्त्वाचं. तुम्ही विशिष्ट कारणासाठी पैसे मागताय, म्हणजे तो निधी त्या कारणाशी बांधला जातो. संस्था तो दुसरीकडे वळवू शकत नाही. मग ध्येयापेक्षा जास्त जमले तर? कमी जमले तर? नवी व्यक्ती वेळेवर रुजूच झाली नाही तर? या तिन्हींची उत्तरं पहिल्या दिवसापासून आवाहनात हवीत. 'जास्तीचे पैसे रात्रफेरीच्या साहित्यासाठी वापरले जातील' हे एक वाक्य नसल्यामुळे वर्षानुवर्षं पडून राहिलेले निधी मी पाहिलेत. नंतर प्रत्येक देणगीदाराला गाठून परवानगी घेणं फार कठीण असतं.

उंबरठा

मी साडेतीन वर्षं रस्त्यावर होतो. आता नऊ वर्षं झाली, घर आहे.

आवाहन कसं लिहू असं विचारलंत. आमच्या गोष्टी घालू नका. एका संस्थेच्या पत्रकावर माझा फोटो होता. झोपेतला. मला विचारलं नव्हतं. मी नोकरीला लागल्यावर तिथल्या एकाने तो ओळखला. मी दुसऱ्या दिवसापासून कामावर गेलो नाही. संस्थेचा हेतू वाईट नव्हता हे मला आजही मान्य आहे. माझी नोकरी मात्र गेली.

आणि ताई, राग मानू नका. तुम्ही वर आजोबांची गोष्ट लिहिलीत. त्यांना विचारलं होतंत?

बाकी तुमचं म्हणणं बरोबर आहे. माझ्याकडे येणारी माणसं साडेतीन वर्षांत पाच वेळा बदलली. प्रत्येक नवा माणूस पहिल्या दिवशी तेच विचारायचा. घर कुठे होतं. कसं सुटलं. पाचव्याला मी खोटं सांगितलं, कारण खरं पाचव्यांदा सांगायची ताकद नव्हती. त्याने ते खोटं फाइलमध्ये लिहिलं आणि पुढे माझे कागद त्यावरच अडले.

पायवाट

उंबरठा, मी त्यांना विचारलं नव्हतं. नाव, गाव काही लिहिलं नाही म्हणजे झालं, असं मी धरून चालले. तुमचा प्रतिसाद वाचला आणि काल रात्री त्यांच्याकडे गेले तेव्हा सांगितलं, की मी तुमच्याबद्दल अनोळखी लोकांसमोर लिहिलंय, आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. फोनच्या उजेडात, हळूहळू. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'मोज्याचं राहू दे. दवाखान्याचं काढ.'

संपादकांना कळवून ते वाक्य काढलं आहे. तुमची आणि त्यांची, दोघांची मी माफी मागते.

माझी जाण्याची तारीखही त्यांना कालच सांगितली. त्यावर ते काही बोलले नाहीत, पाठ करून झोपले.

आवाहनात आता एकाही माणसाची गोष्ट नसेल. मी स्वतःची लिहिणार आहे, शुक्रवार आणि सोमवारची. हिशेबनीस, तुमची तिन्ही उत्तरं संचालकांकडून लेखी घेतली. कमी जमले तर जेवढे जमतील तेवढ्या दिवसांची सोबत. जास्त जमले तर मोजे आणि पायांचं मलम. नवी व्यक्ती आलीच नाही तर देणाऱ्याला पैसे परत घेता येतील.

रिकामी_ओंजळ, तुमचा प्रतिसाद मी चार-पाच वेळा वाचला. अनामत रकमेचा विचार माझ्याही मनात आला होता. या सात वर्षांत आमच्या टापूतली नऊ माणसं घरात गेली. त्या प्रत्येकाच्या वेळी अनामत रक्कम कुठून ना कुठून मिळाली, कारण दारासाठी पैसे मागितले की लोक देतात. दाराशी पोचवणाऱ्या माणसासाठी मागायला कुणी धजत नाही. म्हणून मी मागतेय.

रिकामी_ओंजळ

हे शेवटचं मला माहीत नव्हतं. विचार करतोय.

ध्रुवतारा

'धावायचं कशाला' याचं उत्तर राहिलं. ख्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डार शाफिर यांनी २०१३ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. चांगल्या कामासाठी सहज आनंदात भाग घ्यायचा असेल त्यापेक्षा कष्ट आणि वेदना सोसून भाग घ्यायचा असेल तेव्हा लोक जास्त द्यायला तयार होतात, असं त्यांना आढळलं. कष्टामुळे देण्याला अर्थ येतो असं माणसाला वाटतं.

टेरी फॉक्स आठवतो. कर्करोगात एक पाय गेलेला मुलगा १९८० च्या १२ एप्रिलला कॅनडाच्या पूर्व टोकावरून निघाला. प्रत्येक कॅनडावासीयामागे एक डॉलर, एवढंच मागणं. रोज साधारण एका मॅरेथॉनइतकं अंतर. सुरुवातीला रस्त्यावर फारसं कुणी नसायचं. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर रोग फुप्फुसांत पोचला म्हणून थांबावं लागलं. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत त्याने मागितलं होतं तेवढं जमलं होतं, आणि त्यानंतर काही महिन्यांनी तो गेला. तो नुसतं पत्रक वाटत बसला असता तर?

दमसास

आणि धावणं फक्त निधीसाठीच असतं असंही नाही. फिलाडेल्फियात २००७ मध्ये अ‍ॅन माहलम रोज पहाटे एका निवाऱ्यावरून धावत जायची. बाहेर उभी असलेली माणसं तिला हात करायची. तिने त्यांनाच सोबत घेतलं, आणि त्यातून 'बॅक ऑन माय फीट' उभं राहिलं. लॉस एंजेलिसमध्ये क्रेग मिचेल नावाच्या न्यायाधीशांनी २०१२ मध्ये स्किड रो या बेघरांच्या वस्तीत धावण्याचा गट सुरू केला. तुमच्या निवाऱ्यात कुणाला धावावंसं वाटतंय का, विचारून बघा. एकटीने १६ किलोमीटर काढणं फार कंटाळवाणं असतं.

पायवाट

चौथा आठवडा. १४ झाले, पण उतरताना डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येतेय. निधी ४३ टक्क्यांवर अडकलाय. ओळखीचे सगळे देऊन झाले.

दमसास, तुमचं ऐकून निवाऱ्यात विचारलं. तिथल्या एक मावशी म्हणाल्या, धावत नाही पण चालते. मग परवा मी हळू धावत होते आणि त्या मैदानाच्या आतल्या कडेने चालत होत्या. प्रत्येक फेरीला भेट व्हायची. सातव्या फेरीला त्यांनी ओरडून सांगितलं की माझा डावा पाय आत वळतोय. (हे लिहू का असं विचारलंय. हो म्हणाल्या. आधी त्यांना वाचून दाखवलं.)

दमसास

मावशींचं निरीक्षण अचूक आहे. मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारी पट्टी ताणली जातेय, आणि बहुतेक वेळा त्याचं मूळ कमरेच्या बाजूच्या स्नायूंत असतं. ते थकले की पाय आत पडतो. या आठवड्यात उतारावर धावणं बंद. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचला, पंधरा-पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. ११ ची धाव सपाटीवर काढा. कळ धावताना वाढत गेली तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा, शर्यतीची वाट बघू नका.

हिशेबनीस

४३ टक्के म्हणजे सुमारे तेरा दिवसांची सोबत आजच नक्की झाली. आवाहनात टक्क्यांऐवजी दिवस लिहा. 'अजून सतरा रात्री हव्या आहेत.' अमुक रक्कम म्हणजे एक रात्र, हे समोर आलं की देणाऱ्याला आपण काय देतोय ते दिसतं.

रिकामी_ओंजळ

तीन रात्री माझ्याकडून. घर आधी हे माझं म्हणणं कायम आहे.

उंबरठा

एक रात्र. दरमहा देतो त्यापेक्षा वेगळी.

पायवाट

पूर्ण झालं. २१.०९७५ किलोमीटर, २ तास ४८ मिनिटं.

पंधरापर्यंत ठीक होतं. सोळाव्याला गुडघा बोलायला लागला. अठराव्यानंतर मी दोन मिनिटं चालत आणि तीन मिनिटं धावत गेले. शेवटचा एक किलोमीटर सलग धावले. मावशी शेवटाला आल्या होत्या, निवाऱ्यातल्या आणखी दोघींना घेऊन.

आदल्या रात्री झोप येत नव्हती म्हणून १९८१ च्या पहिल्या लंडन मॅरेथॉनबद्दल वाचत होते. डिक बर्ड्सली आणि इंगे सिमॉन्सन हे दोघं धावपटू त्या दिवशी सर्वांच्या पुढे होते, आणि त्यांनी हातात हात घालून एकदमच रेषा ओलांडली. दोघांची वेळ एकच, २ तास ११ मिनिटं ४८ सेकंद. अठराव्या किलोमीटरनंतर मी दुसरं काहीच आठवू शकत नव्हते.

रात्री एकूण ३४ झाल्या. तीस हव्या होत्या. वरच्या चार रात्रींचे पैसे लिहिल्याप्रमाणे मोजे आणि मलमाला. नवा सहकारी उद्यापासून येतोय. वयाने माझ्यापेक्षा बराच लहान आहे, आणि ऐकून घेतो.

ध्रुवतारा

अभिनंदन. आता खरं काम. पहिला आठवडा तू बोल, त्याने फक्त बसायचं.

पायवाट

आज माझी नोकरी संपली. ज्यांनी रात्री दिल्या त्यांना हिशोब द्यायला हवा, म्हणून शेवटचं लिहितेय. हे लिहिण्याआधी ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना विचारलं आहे.

पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकाला सांगितलं की हा माझ्यानंतर येणार आहे आणि मी अमुक तारखेला थांबणार आहे. तो माझ्या शेजारी बसायचा. दुसऱ्या आठवड्यात तो बोलायचा आणि मी शेजारी. तिसऱ्यात मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहायचे, दिसेन इतक्या अंतरावर. चौथ्यात पाच रात्री तो माझ्याशिवाय दुसऱ्या सहकाऱ्याबरोबर गेला आणि फक्त शेवटच्या दोन रात्री मी निरोप घ्यायला गेले.

फाइलमध्ये कधीच न लिहिलेल्या गोष्टी आम्ही चालता चालता बोललो. कुणाच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही. कुणाला खांद्याला हात लावून उठवायचं नसतं, पायापाशी उभं राहून नावाने हाक मारायची असते. कुणाच्या मुलीचं नाव घ्यायचं नाही. उंबरठा, तुमचा प्रतिसाद त्याला वाचायला दिला होता. 'घर कसं सुटलं' हे त्याने एकालाही विचारलं नाही. ज्यांनी मला सांगितलं होतं त्यांना मी विचारलं, की हे याला मी सांगू का. बाविसांनी हो म्हटलं. सहा जण म्हणाले, आम्हीच सांगू. आजोबांनी उत्तर दिलं नाही, म्हणून त्यांचं मी सांगितलेलं नाही. दोघं या महिन्यात जागा सोडून गेले, कुठे ते कळलं नाही. त्यांतल्या एकाने माझी तारीख ऐकल्यावर माझ्याकडे बघणं बंद केलं होतं. एक महिना त्याला पुरला नाही.

संचालकांनी पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात रात्रफेरीच्या प्रत्येक जागेसाठी दोन आठवड्यांच्या एकत्र कामाची तरतूद मांडली आहे. मंजुरी अजून बाकी आहे.

आजोबा त्याच्याशी अजून बोललेले नाहीत. पण तो मोजे पुढे करतो तेव्हा ते हातात घेतात. माझ्या वेळी वर्षभर मी ते जमिनीवर ठेवून येत होते.

उंबरठा

हातात घेतात ना. मग बोलतील.